पुढच्या पिढीची बेगमी

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. सभासंमेलनांत, शाळांच्या क्रमिक पुस्तकांत आणि सरकारी पत्रकांत तो सारखाच भेटतो. १९८७ साली नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने त्याची व्याख्या केली. आजच्या पिढीने आपल्या गरजा खुशाल भागवाव्या, पण पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागविणे अशक्य होईल असे काही करू नये, असा तिचा आशय आहे. तेव्हापासून हा शब्द जगभर पसरला. यामुळे ही कल्पना अगदी आधुनिक असावी व ती आपण परक्यांकडून उसनी आणली असावी, असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज झालेला दिसतो.

इतिहास थोडी निराळी हकीकत सांगतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अवघ्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने, दोन वृद्ध कारभाऱ्यांनी दोन ग्रंथ लिहिले. एक सॅक्सनीत, जर्मन भाषेत; दुसरा करवीरच्या राज्यात, मराठीत. एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक असण्याचा संभव नव्हता. परंतु दोघांपुढे एक प्रश्न समान होता. राज्याला लाकूड आज हवे आहे, आणि झाड तर एका दिवसात वाढत नाही. मग काय करावे? दोघांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली ती निरनिराळी असली तरी परस्परांस पूरक आहेत. पुढे या उत्तरांची ताटातूट कशी झाली, तीमुळे कोणाचे काय नुकसान झाले, आणि आज त्यांची गाठ पुन्हा कोठे पडत आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला कारभारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा होय. त्याचा जन्म १६४५ सालचा. म्हणजे जर्मनीला उद्ध्वस्त करून टाकणारे तीस वर्षांचे युद्ध संपावयास अजून तीन वर्षे होती. त्याचा बाप सॅक्सनीच्या वनखात्यात वरिष्ठ अधिकारी होता, आणि तो स्वतः फ्रायबेर्ग येथील रुप्याच्या खाणींच्या कारभारात चढत चढत मुख्य अधिकाऱ्याच्या पदास पोचला. खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दगड आणि धातू येतात. परंतु त्या काळची खाण खरोखर लाकडावर चालत असे. भुयारांना टेकू द्यावयाचे ते लाकडाचे. कठीण खडक फोडण्यासाठी त्याला जाळ लावून तापवावयाचे, तेही लाकडानेच. धातू गाळावयास कोळसा हवा, आणि तो लाकूड जाळूनच मिळावयाचा. खाणींच्या आसपासचे डोंगर उघडे पडले तेव्हा दूरच्या अरण्यांतील ओंडके नद्यांच्या प्रवाहातून वाहून आणू लागले. कार्लोविट्झला दिसले की, जमिनीच्या पोटातील रुपे संपण्याच्या आधी तिच्या पाठीवरचे लाकूड संपणार आहे.

१७१३ साली लाइप्झिग येथे त्याचा वनसंवर्धनावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने बी पेरावे कसे, रोपे लावावी कशी, चुलींची व भट्ट्यांची रचना सुधारून सरपण वाचवावे कसे, लाकडाऐवजी दुसरे कोणते जळण वापरता येईल, यांचा तपशीलवार विचार केला आहे. शेताचे पीक दरवर्षी पैसा देते आणि रानाला मात्र वाट पाहावी लागते, म्हणून रान मोडून शेत करण्याचा लोकांस जो मोह पडतो, त्याच्यावरही त्याने टीका केली. पण त्याचे नाव राहिले ते एका शब्दामुळे. रानाचा उपयोग कसा असावा, तर ‘नाखहाल्टेंड’ असावा, असे त्याने लिहिले. टिकून राहणारा, पुढेही पुरणारा, असा त्याचा अर्थ. जितके वाढते तितकेच तोडावे, हे त्यातील मर्म. आज जगभर चाललेल्या शब्दाचे मूळ युरोपीय पंडित याच ग्रंथात दाखवितात. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १७१४ साली, कार्लोविट्झ वारला.

दुसरे कारभारी आपल्या परिचयाचे आहेत. रामचंद्रपंत अमात्य हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी एक. संभाजीमहाराजांचा वध, रायगडाचा पाडाव, राजाराममहाराजांचे जिंजीस प्रयाण, ही सारी संकटे त्यांनी प्रत्यक्ष सोसली. छत्रपती जिंजीस असता ‘हुकुमतपनाह’ या अधिकाराने इकडे महाराष्ट्राचा कारभार त्यांनीच सांभाळला. १७०७ साली औरंगजेब मेला तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या युद्धाने मुलूख वैराण झालेला होता, आणि त्यानंतर लौकरच साताऱ्याची व करवीरची अशा दोन गाद्या झाल्या. अशा वेळी, १७१५-१६ च्या सुमारास, करवीरकर संभाजीमहाराजांसाठी त्यांनी राजनीतीचा जो ग्रंथ रचला तो ‘आज्ञापत्र’ या नावाने प्रसिद्ध आहे. १७१६ सालीच त्यांचाही अंत झाला. दोन्ही ग्रंथकार युद्धाने पोळलेल्या मुलखातले, दोघेही आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर, आणि आपण जे सांगत आहो त्याचे फळ आपल्याला दिसावयाचे नाही हे जाणून लिहिणारे. हे साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज्ञापत्रात झाडांचा विषय येतो तो आरमाराच्या प्रकरणात. गलबते बांधावयाची तर लाकूड हवे. अमात्य सांगतात की, राज्यातील अरण्यात जो सागवान वगैरे वृक्ष आहे त्यातील लागेल तो हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, आणि अधिक लागेल तो परमुलखातून विकत आणावा. आंबा, फणस यांचेही लाकूड आरमाराच्या कामाचे आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण त्यांना हात लावू नये अशी त्यांची सक्त ताकीद आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून पोटच्या पोरांप्रमाणे दीर्घकाळ सांभाळलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहील काय, असा त्यांचा प्रश्न आहे. एकास दुःख देऊन जो आपले कार्य साधू पाहतो त्याचे ते कार्य टिकत नाही आणि तोही टिकत नाही. प्रजापीडनाचा दोष मात्र धन्याच्या माथी येतो. शिवाय झाडे नाहीशी झाली म्हणजे तीही हानीच. एखादे झाड फारच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर त्याच्या मालकास राजी करून, त्याच्या पदरी द्रव्य घालून, त्याच्या संतोषाने ते न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. याच ग्रंथात गडांच्या प्रकरणी गडावर फळझाडे-फुलझाडे लावून ती जोपासण्याविषयी आणि गडाच्या भोवतीची झाडी राखण्याविषयीही आज्ञा आहे. कारण ती झाडी हेच गडाचे एक संरक्षण.

आता दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहू. कार्लोविट्झचा प्रश्न किती तोडावे आणि किती ठेवावे, हा आहे. हा हिशेबाचा प्रश्न होय. अमात्यांचा प्रश्न झाड कोणी वाढविले आणि ते तोडल्याने कोणाचे काळीज तुटते, हा आहे. हा संमतीचा प्रश्न होय. पहिल्याचे लक्ष झाडांच्या संख्येकडे आहे, तर दुसऱ्याचे झाड आणि माणूस यांच्यातील नात्याकडे. अमात्यांना हे पक्के उमगले होते की, आंब्याची कोय पुरणारा मनुष्य आपल्या नातवाचे चित्र डोळ्यांपुढे आणीत असतो. भविष्याची ही कल्पना करावयास त्याला कोणी शिकविलेले नसते. ती त्याच्या अंगणात आपोआप उगवते. राज्याने ते झाड जबरीने नेले की नुसते लाकूड जात नाही, ती कल्पनाही मरते, आणि पुढच्या खेपेस तो मनुष्य कोय पुरीत नाही.

तथापि अमात्यांच्या ग्रंथाचे स्तवन करताना एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांची ही माया रयतेने लावलेल्या झाडांपुरती आहे. अरण्यातील साग हुजूरचा. त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, तेथील मोहावर आणि बांबूवर जगणाऱ्या लोकांची संमती घ्यावी, असे या प्रकरणात म्हटलेले नाही. शिवाय ग्रंथातील आज्ञा म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार, असेही समजण्याचे कारण नाही. आज्ञा करावी लागते ती बहुधा तिच्याविरुद्ध वर्तन होत असते म्हणूनच. तरीही राज्याच्या गरजेपुढे रयतेच्या भावनेला कायद्याचे बळ द्यावे, हे त्या काळी एका मुत्सद्द्यास सुचले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या घटनेस सुमारे नव्वद वर्षे लोटली आणि तोच प्रसंग पुन्हा आला. या वेळी आरमार इंग्रजांचे होते. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात, आणि त्यांसाठी मलबारच्या सागावर कंपनी सरकारची दृष्टी गेली. १८०६ साली कॅप्टन वॉटसन यास तेथील जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमण्यात आले. खाजगी मालकांच्या सागावरही कंपनीने हक्क सांगितला, दुसऱ्या कोणास तो तोडण्याची मनाई केली, आणि काही वर्षे मुंबईस भरपूर व स्वस्त लाकूड मिळाले. परंतु मालक, व्यापारी आणि रयत या सर्वांत असंतोष इतका वाढला की, १८२३ साली मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांच्या सल्ल्यावरून ही सारी व्यवस्था रद्द करावी लागली. दुसऱ्यास दुःख देऊन साधलेले कार्य टिकत नाही, हे अमात्यांचे सूत्र सतरा वर्षांत खरे ठरले.

पण कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग अमात्यांच्या पक्षालाही थोडा अडचणीचा आहे. बंधन उठल्यावर व्यापाऱ्यांनी मलबारचा साग सपाट्याने तोडला. पुढे काय, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. शेवटी १८४० नंतरच्या दशकात कलेक्टर कॉनोली यास निलंबूर येथे नव्याने सागाची लागवड करावी लागली. यावरून दिसते की, नुसती मोकळीक पुरत नाही आणि नुसता हिशेबही पुरत नाही. पुढच्या पिढीची बेगमी करावयास दोन्ही एकत्र लागतात.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन जंगलांचे कॉन्झर्व्हेटर झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८५३ साली, बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली, आणि रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी अरण्येच्या अरण्ये रिकामी होऊ लागली. तेव्हा सरकारास तज्ज्ञाची गरज भासली, आणि १८६४ साली हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले इन्स्पेक्टर-जनरल म्हणून डीट्रिख ब्रांडिस यांची नेमणूक झाली. ब्रांडिस मूळचे बॉनचे, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. कार्लोविट्झच्या देशात वनविद्येचे जे शास्त्र शतकभरात तयार झाले होते, ते त्यांच्याबरोबर येथे आले. कार्लोविट्झचा हिशेब अशा रीतीने अमात्यांच्या मुलखात पोचला. अमात्यांचा विचार मात्र त्या वेळी कोणाच्या दप्तरात नव्हता.

ब्रांडिस यांच्याविषयी अन्याय होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे की, लोकांस वगळून वन राखता येईल असे त्यांचे मत नव्हते. ब्रह्मदेशात पेगू प्रांती त्यांनी कारेन लोकांकडूनच त्यांच्या शेतांत पिकांबरोबर सागाची रोपे लावून घेतली होती, आणि गावांच्या मालकीची जंगले असावीत असा त्यांचा आग्रह होता. पण १८७८ चा जंगलाचा कायदा झाला तो मुख्यतः दुसऱ्या विचाराने. राखीव जंगलात जे स्पष्टपणे दिले नसेल ते सर्व निषिद्ध, असे त्याचे धोरण होते. गावाच्या जंगलाविषयी त्यात एक प्रकरण होते खरे. पण ते बहुतांशी कागदावरच राहिले.

महाराष्ट्राने हा कायदा मुकाट्याने स्वीकारला नाही, ही गोष्ट आपण विसरलो आहो. १८७८ सालीच पुण्याच्या सार्वजनिक सभेने या विधेयकाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. जे गावकरी आपल्या जमिनीवर झाडी राखतात किंवा नवी लावतात त्यांस हुसकून लावण्यापेक्षा त्यांचा गौरव करावा, त्यांस बक्षीस द्यावे, म्हणजे जंगल अधिक सुलभतेने राखले जाईल, असा तिचा युक्तिवाद होता. पाच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात, दोन-चार जनावरे राखून आणि रानातील पाला-फळे वेचून जगणाऱ्या गरीब कुणब्यांची गायराने व डोंगर जंगलखात्याने गिळंकृत केले, याबद्दल त्यांनी अत्यंत जळजळीत शब्दांत लिहिले आहे. सभेचे पुढारी आणि जोतीराव यांचे सहसा जमत नसे. पण या एका बाबतीत दोघांच्या तक्रारीचे मूळ एकच होते.

कोकणात तर प्रश्न भाताच्या पेऱ्याशी जाऊन भिडला. पावसाळ्यापूर्वी झाडांची टहाळे, पालापाचोळा, शेण आणि गवत जमिनीवर पसरून जाळावयाचे व त्या राखेत भाताचे रोप करावयाचे, याला राब भाजणे म्हणतात. जंगलाच्या नियमांमुळे टहाळ तोडणे हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत ओरड इतकी झाली की, १८८५ साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला. राबासाठी झाडे ओरबाडली जात हे खरे, आणि त्याला काही मर्यादा हवी होती हेही खरे. पण ती मर्यादा गावाबरोबर बसून ठरविण्याऐवजी गावावर लादली गेली. ज्याला राखणदार करावयाचे त्यालाच चोर ठरविले म्हणजे रान राखले जात नाही. कारण चोर ठरलेल्या माणसाला उद्याची काळजी करण्याचे कारणच उरत नाही.

लोकांनी आपण होऊन राखलेले रान किती टिकते, याची साक्ष सह्याद्रीतील देवराया देतात. कोणा एका देवाच्या नावाने सोडलेले हे रानाचे तुकडे, भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी शतकानुशतके उभे राहिले. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या संशोधकांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा सुशिक्षितांचे लक्ष तिकडे गेले. देवराईत कोणता शिपाई नसे. तेथे धाक होता तो देवाचा आणि गावाच्या शब्दाचा. आज तो देवाचा धाक ओसरला आहे आणि पुष्कळ राया त्याबरोबर नाहीशा होत आहेत, हेही कबूल केले पाहिजे. पण गावाच्या शब्दाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर विदर्भात मिळते. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि अरण्याच्या आधारे राहणाऱ्या गावांस आपल्या सामूहिक वनावर हक्क मागता येऊ लागला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहानसे गाव आहे. २००९ साली त्याला सुमारे १८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरी तेथील बांबू विकण्याचा परवाना जंगलखात्याच्याच हाती होता. १९२७ च्या कायद्याप्रमाणे बांबू हे झाड ठरत असल्याने त्याच्यावरचा ताबा सोडावयास खाते राजी नव्हते. अखेर २०११ साली तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. या गावाची रीत अशी की, बहुमताने निर्णय करावयाचा नाही. सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहावयाचे. अमात्यांनी एका आंब्यापुरती सांगितलेली संमतीची अट येथे साऱ्या रानास लागू झाली.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१२ साली या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपाने हे त्या भागातील रोख पैशाचे हमखास साधन. पण नवी पालवी फुटावी म्हणून तेंदूची छाटणी करतात, रानाला आगी लावतात, आणि त्याने रानाची हानी होते. तेव्हा तेंदू तोडावयाचाच नाही, बांबूवर भागवावयाचे, असा निर्णय पाचगावच्या ग्रामसभेने केला. गरीब गावाने हातात येणारा पैसा आपण होऊन सोडला. येथे कार्लोविट्झचा हिशेब आहे, कारण रानाला किती सोसेल याची मोजदाद आहे. आणि अमात्यांची संमती आहे, कारण हा हिशेब गावानेच केलेला आहे. दोघा वृद्धांनी लिहून ठेवलेल्या दोन गोष्टी तीनशे वर्षांनी अशा एकत्र आल्या.

आपण शहरांत राहणारी माणसे या इतिहासापासून काय घेणार? आपल्यापैकी पुष्कळांस निसर्गाची खरोखरच कळकळ वाटते, आणि इतरांना ती वाटत नाही याचे दुःखही होते. मग आपण उपदेश करतो, फलक लावतो, मुलांकडून घोषणा पाठ करवितो. सरकारही आपल्या परीने उद्योग करते. २०१९ सालच्या पावसाळ्यात आपल्या राज्याने ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला होता. अशा संकल्पांची थट्टा करण्याचे काही कारण नाही. पण लावणे ही एका दिवसाची गोष्ट आहे, आणि वाढविणे ही वीस वर्षांची. वीस वर्षे पाणी घालणारा, गुरे हाकणारा, वणवा विझविणारा मनुष्य कोण, त्या झाडावर त्याचा हक्क काय, आणि ते तोडावयाचे झाल्यास त्याला विचारणार कोण, हे ठरलेले नसेल तर रोपांची मोठी संख्या केवळ कागदाची शोभा होय.

दुसऱ्याच्या मनात उद्याची काळजी निर्माण करता येते काय? इतिहासाचा कौल असा दिसतो की, ती हुकमाने निर्माण होत नाही आणि केवळ व्याख्यानानेही होत नाही. बहुतेकांच्या मनात ती मुळातच असते. आंब्याची कोय पुरणाऱ्या कुणब्याच्या मनात ती होती, राबासाठी टहाळ तोडताना झाड जिवंत ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात ती होती. आपले काम तिला मारून न टाकण्याचे आहे. रस्ता रुंद करताना, धरण बांधताना, वसाहत उठविताना आपल्या सोयीसाठी कोणाचे झाड जाते, आणि त्याला आपण राजी केले आहे की नुसते गप्प केले आहे, एवढा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने स्वतःस विचारला, तरी पुष्कळ झाले.

मराठीत ‘बेगमी’ हा एक चांगला शब्द आहे. पावसाळ्यापूर्वी धान्य, सरपण, मीठ-मिरची भरून ठेवावयाची, ती घरातल्या सर्वांसाठी असते. जे मूल अजून पाळण्यात आहे त्याच्याही वाट्याची असते. रामचंद्रपंत अमात्यांनी जाळपोळीतून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलखात, उतारवयात, आंब्या-फणसांना हात लावू नका असे लिहिले, तेव्हा ते हीच बेगमी करीत होते. त्या झाडांची फळे त्यांना खावयाची नव्हती.